दहा मिलिसेकंदांचं इंजिन

चाप ओढला की छर्रा सुटतो, असं आपण धरून चालतो. स्प्रिंगवर चालणाऱ्या एअर रायफलमध्ये मात्र चाप सुटल्यावर छर्रा बराच वेळ जागचा हलत नाही. आधी बंदूक हलते. चार किलोची अख्खी रायफल पाच-सहा मिलिमीटर मागे सरकते, तिच्या पोटातली हवा दाबली जाऊन रसरसून तापते, मग कुठे छर्रा निघतो. आणि तो नळीच्या तोंडाशी पोचतो न पोचतो तोच रायफल उलटी पुढे हिसका देते. ‘बराच वेळ’ हे अर्थात बंदुकीच्या हिशेबाने. हा सगळा प्रकार साधारण दहा मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात उरकतो. पापणी लवायलासुद्धा याच्या दहापट वेळ लागतो.

ही बंदूक आपल्या अगदीच अनोळखी नाही. जत्रेत, उरुसात, चौपाटीवर फळीवर टांगलेले फुगे फोडायला जी छऱ्याची बंदूक हातात देतात ती याच जातीची. नळी खाली मोडायची, छर्रा घालायचा, नळी सरळ करायची, नेम धरायचा. तिथली नेम धरायची माशी वाकडी असते, नळी झिजून गुळगुळीत झालेली असते आणि फुगेवाल्याला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. त्यामुळे हे पोरांचं खेळणं आहे, असा समज पक्का होतो. पण लाखभर रुपयांच्या जर्मन रायफलमध्येही आत असतं तेच: एक स्प्रिंग, एक पिस्टन, एक सिलिंडर आणि चापाची कळ. बारूद नाही, गॅसचं नळकांडं नाही, बॅटरी नाही. एवढ्याच सामानातून एक बंदूक फुगासुद्धा चुकवते आणि दुसरी पंचवीस मीटरवर एकाच भोकातून छर्रे पाठवते. हा फरक कुठून येतो हे कळलं, की ही वस्तू हातातून खाली ठेववत नाही.

उदाहरणाला वाइराउख कंपनीची एचडब्ल्यू ७७ घेऊ. ही कंपनी १८९९ मध्ये जर्मनीतल्या थुरिंगिया भागात सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर तो मुलूख पूर्व जर्मनीत गेला आणि कंपनीने पश्चिमेकडच्या मेलरिखश्टाट या छोट्या गावात नव्याने बस्तान बसवलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथून ही रायफल बाहेर पडली. हिची नळी मोडत नाही, ती कायमची घट्ट बसवलेली असते. नळीखाली एक लांब दांडा असतो, तो खाली ओढून मागे आणायचा. स्प्रिंग दाबली जाते, पिस्टन मागे जाऊन कळीत अडकतो, आणि नळीच्या मागे बोट जाईल एवढी एक खिडकी उघडते. त्या खिडकीतून छर्रा थेट नळीच्या मागच्या तोंडात अंगठ्याने दाबून बसवायचा. इथे एक शिस्त पाळावीच लागते: अंगठा आत असेपर्यंत दुसऱ्या हाताने दांडा घट्ट धरून ठेवायचा. कळ सुटू नये म्हणून आत बंदोबस्त असतो हे खरं, पण त्या खिडकीमागे पन्नासेक किलोच्या जोराने पुढे यायला टपलेलं पोलाद आहे. अंगठा गमावून बंदोबस्ताची परीक्षा कोण घेईल?

आता चापाकडे बघा. इतकी ताकद थोपवून धरलेली कळ बोटाच्या अर्ध्या-पाऊण किलोच्या दाबाने, तीही हिसका न देता, सुटली पाहिजे. वाइराउखने यासाठी ‘रेकॉर्ड’ नावाची चापरचना वापरली आणि ती दशकानुदशकं जवळजवळ तशीच ठेवली. एकामागे एक तरफा लावून जोर टप्प्याटप्प्याने कमी करत आणायचा, एवढंच तिचं तत्त्व. बोट पहिला टप्पा हलकेच ओढतं, मग एक स्पष्ट अडथळा लागतो. तिथे थांबायचं, श्वास सोडायचा. त्यानंतर बोट पुढे सरकल्याचं जाणवत नाही. काचेची बारीक काडी मोडावी तशी कळ सुटते.

आणि मग ते दहा मिलिसेकंद.

पिस्टन आणि त्याच्या मागची स्प्रिंग मिळून तीनशे ग्रॅमच्या आसपास वजन साधारण आठ सेंटीमीटर पुढे झेपावतं. न्यूटनचा तिसरा नियम आपण शाळेत पाठ केलेला असतो, इथे तो खांद्याला कळतो. तीनशे ग्रॅम आठ सेंटीमीटर पुढे गेले, तर चार किलोला सुमारे सहा मिलिमीटर मागे जावंच लागतं. लक्षात घ्या, छर्रा अजून जागेवर आहे. त्याचा शिशाचा घेर नळीत घट्ट बसलाय आणि मागचा दाब पुरेसा वाढेपर्यंत तो हलायला तयार नाही.

पिस्टनच्या पुढे चाळीसेक घन सेंटीमीटर हवा कोंडलेली आहे. तिला बाहेर जायला तीनेक मिलिमीटरचं एक बारीक छिद्र आहे आणि त्यापलीकडे छर्रा बूच लावून बसलाय. पिस्टन येतच राहतो. शेवटी ती सगळी हवा अडीच सेंटीमीटर रुंदीची आणि जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाडीची चकती होऊन जाते. तिथला दाब वातावरणाच्या शंभरपटीच्या घरात जातो. स्प्रिंगने भिरकावलेला पिस्टन या हवेच्या चकतीवर आपटून थांबतो आणि चक्क उसळी मारून मागे येतो. सगळं नीट जुळलेलं असेल तर पोलादावर पोलाद आदळतच नाही, मधे हवेची गादी असते. म्हणूनच छर्रा न घालता ही बंदूक उडवायची नसते. बूच नसेल तर हवा सरळ निघून जाते, गादी तयार होत नाही आणि पिस्टन थेट सिलिंडरच्या भिंतीवर डोकं आपटतो. दुकानात हौसेने ‘खट्’ करून बघणारे पाहुणे मालकाला का आवडत नाहीत, हे यावरून कळावं.

सायकलला हवा भरताना पंपाचं तळाचं टोक तापतं, ते सगळ्यांनी अनुभवलंय. इथे तेच घडतं, पण पंपाच्या मानाने कितीतरी जास्त दाबाने आणि उष्णतेला पळून जायला वेळच न देता. शंभरपट दाबाचा शुद्ध कागदी हिशेब मांडला तर हवेचं तापमान आठशे अंश सेल्सियसपर्यंत जातं. प्रत्यक्षात सिलिंडरच्या भिंती थोडी उष्णता गिळतात, पण तेवढी झळ उरते की तिथे तेलाचा अंश असेल तर तो पेटावा. आग्नेय आशियातल्या लोकांकडे याच तत्त्वावरचं विस्तव पेटवायचं साधन फार पूर्वीपासून होतं: शिंगाची किंवा बांबूची नळी, तिच्यात घट्ट बसणारा दांडा, दांड्याच्या टोकाला चिमूटभर कापूस. एक जोराचा ठोसा दिला की कापूस धुमसायला लागतो. डिझेल इंजिनही ठिणगीशिवाय पेटतं ते असंच.

मग प्रश्न पडतो: बंदुकीत थोडं वंगण तर असतंच, ते दर वेळी जळत असेल का? इंग्लंडमधल्या कार्ड्यू पितापुत्रांना हाच प्रश्न पडला होता. एअरगनच्या आत नेमकं काय होतं ते घरच्या कार्यशाळेत उपकरणं जोडून मोजत बसणारी ही माणसं. १९७६ मध्ये त्यांचं या विषयावरचं पुस्तक आलं आणि स्प्रिंग रायफलींचे वेडे आजही त्याचा आधार घेतात. त्यांनी युक्ती केली ती साधी होती. रायफलमधली हवा घालवून त्या जागी नायट्रोजन भरला. नायट्रोजनमध्ये काही जळत नाही. बंदूक तीच, स्प्रिंग तीच, छर्रा तोच, पण छऱ्याचा वेग लक्षणीय घटला. म्हणजे ताकदवान स्प्रिंग रायफल निव्वळ हवेवर चालत नाही, वंगणाचा सूक्ष्म अंश दर फैरीला जळतो आणि तोही छऱ्याला ढकलतो. तिला ‘हवेची बंदूक’ म्हणताना आपण तिच्यातलं अर्धं नाट्य गाळून टाकतो. ती एका ठोक्याचं उष्णतेचं इंजिन आहे.

अर्थात हा अंश सूक्ष्म राहिला तरच. आपल्याकडे कुरकुरणाऱ्या कशालाही दोन थेंब तेल सोडायची सवय आहे. दार असो, शिलाई मशीन असो, गुण येतो. इथे ते तेल पिस्टनच्या पुढे गेलं की फैरीला धाडकन आवाज होतो, नळीतून निळसर धूर निघतो, आणि आतल्या स्फोटाने पिस्टन मागे भिरकावला जाऊन स्प्रिंगची वाट लागते. वेग वाढला म्हणून नवशिका खूश होतो, पण दोन छऱ्यांचा वेग सारखा राहत नाही आणि नेमाचा बोऱ्या वाजतो.

आता या सगळ्या घडामोडीत निशाणबाज कुठे आहे? तो प्रेक्षक आहे. माणसाची प्रतिक्रिया यायलाच सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तोवर छर्रा कार्डाला भोक पाडून मोकळा झालेला असतो. बारुदाच्या रायफलमध्येही माणूस इतकाच हतबल असतो, पण तिथे नळी जराशीच हलते तोवर गोळी निघून गेलेली असते. इथे छर्रा नळीत असताना बंदूक चांगलीच सरकलेली असते. म्हणून ती दर वेळी सारखीच सरकली पाहिजे, तरच छर्रे एका जागी जातील. आणि सारखी सरकावी यासाठी तिला आवळून धरायची नाही. हे पचायला फार जड जातं. निसटणारी वस्तू घट्ट धरावी, ही आपली उपजत बुद्धी. पण पकड घट्ट केली की तुमच्या स्नायूंचा त्या क्षणाचा ताण बंदुकीच्या सरकण्यात मिसळतो, आणि तो ताण दोन फैरींना कधीच सारखा नसतो. त्यापेक्षा पुढचा हात उघडा ठेवायचा, दस्ता तळव्यावर नुसता टेकवायचा, खांद्यालाही हलकाच लावायचा आणि बंदुकीला तिचा नाच नाचू द्यायचा. या पकडीला आर्टिलरी होल्ड म्हणतात. तोफ जशी गाड्यावर मोकळी मागे जाते तशी रायफल जाऊ द्यायची. बलदंड माणसाचे छर्रे पानभर पसरलेले आणि शेजारी सैल हाताने नेम धरणाऱ्या किरकोळ मुलीचे सगळे एका नाण्याखाली झाकले जाणारे, असं चित्र या बंदुकीवर सहज दिसतं.

दुहेरी धक्क्याची आणखी एक गंमत दुर्बिणीवर बेतते. हत्तीच्या शिकारीच्या रायफलवर टिकणारी दुर्बीण या छोट्या एअर रायफलवर खिळखिळी होऊ शकते. कारण तिथे धक्का एकाच दिशेचा असतो आणि भिंगं तो सोसतील अशी बसवलेली असतात. इथे आधी मागे आणि लगेच झटक्यात पुढे. त्या पुढच्या हिसक्याने दुर्बीण रुळावरून हळूहळू मागे घसरत जाते. म्हणून चांगल्या रायफलच्या पाठीवर छोटी भोकं पाडलेली असतात. दुर्बिणीच्या पकडीतली एक खुंटी त्यात अडकवायची, म्हणजे घसरगुंडी थांबते.

नळीची लांबी हाही असाच एक उलटा हिशेब. लांब नळी म्हणजे जास्त वेग, ही बारुदाच्या बंदुकीची समजूत. स्प्रिंग रायफलकडे दाबलेली हवा चमचाभर. छर्रा वीस-पंचवीस सेंटीमीटर पुढे गेला की मागचा दाब ओसरलेला असतो, त्यापुढची नळी घर्षणाखेरीज फारसं काही देत नाही. तरी लांब नळीच्या रायफली विकल्या जातात. स्प्रिंग दाबायला तरफ लांब मिळते, आणि गिऱ्हाइकाला त्या रुबाबदार वाटतात, हे कारणही काही कमी नाही.

हा धक्काच नाहीसा करता येईल का, म्हणून जर्मन कारागिरांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर जी डोकेफोड केली ती पाहून थक्क व्हायला होतं. डायना कंपनीच्या गिस पद्धतीत पिस्टन एक नव्हे, दोन. एक पुढे हवा दाबायला जातो त्याच वेळी दुसरा त्याच वजनाने मागे जातो, दोघे दातेरी चाकाने जोडलेले, म्हणजे हिशेब शून्य. फाइनवेर्कबाऊने वेगळी वाट काढली. त्यांच्या १५० आणि नंतरच्या ३०० मॉडेलमध्ये फैर होताना रायफलचं सगळं यंत्र दस्त्यावरच्या रुळांवर मागे सरकतं. धक्का यंत्र खातं, खांद्यापर्यंत तो पोचतच नाही. १९७० च्या दशकात दहा मीटरच्या स्पर्धांत या रायफलींचा दरारा होता. पण १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर रायफल आली, त्या सुमारालाच आधीच दाबून ठेवलेल्या हवेवर चालणाऱ्या, फैरीच्या वेळी पिस्टन धावत नसलेल्या रायफलींनी तिथली जागा बळकावायला सुरुवात केली होती. अंजली भागवत यांच्या काळापासून ते २०२२ मध्ये कैरोत विश्वविजेता ठरलेल्या ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलपर्यंत आपण जी एअर रायफल टीव्हीवर पाहतो ती ही नव्हे. तिथे दहा गुणांचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं असतं. नाचणारी बंदूक तिथे चालत नाही.

नाचणाऱ्या बंदुकीला आसरा दिला तो इंग्लंडने. १९८० मध्ये ससेक्समधल्या मॅघम डाउन इथे फील्ड टार्गेट नावाचा खेळ सुरू झाला: रानात वेगवेगळ्या अंतरांवर पत्र्याचे ससे-कावळे ठेवायचे, त्यांच्या अंगात जेमतेम नाण्याएवढं भोक, छर्रा बरोबर त्या भोकातून गेला तरच ससा मागे कोसळतो. अंतर कुणी सांगत नाही, वारा कुणी थांबवत नाही. आणि ताकदीला कायद्याचं कुंपण: इंग्लंडमध्ये परवान्याविना मिळणाऱ्या एअर रायफलला १९६९ पासून बारा फूट-पौंडांची, म्हणजे सोळा ज्यूलच्या थोडी वरची मर्यादा आहे. जर्मनीत तर साडेसात ज्यूलच. माझ्या मते या कुंपणानेच ही बंदूक घडवली. अमेरिकी बाजारात डब्यांवर वेगाचे आकडे फुगत गेले आणि बंदुका अधिकाधिक आडदांड झाल्या. इंग्लंडमध्ये ताकद वाढवायची सोयच नव्हती, तेव्हा सगळी अक्कल गुळगुळीतपणावर खर्च झाली. लोकांनी एचडब्ल्यू ७७ उघडून स्प्रिंगच्या आत तंतोतंत बसणारे प्लास्टिकचे दांडे टाकले, म्हणजे स्प्रिंग थरथरणार नाही. सिलिंडर आरशासारखा घासला. पूर्वीची चामड्याची वॉशर जाऊन दाबाने कडा फुलवून स्वतःच घट्ट होणारं सील आलं होतंच, त्याच्या कडाही केसभर तासल्या. ससेक्समधल्याच हेलशम गावच्या एअर आर्म्स कंपनीची टीएक्स २०० ही याच खटपटीची लेक. जत्रेतल्या बंदुकीची फैर ‘टण्ण’ करून बराच वेळ दाढेत झणझणत राहते. नीट जुळवलेल्या टीएक्सचा आवाज येतो ‘थप्प’, बस.

सोळा ज्यूल म्हणजे किती? एक किलो वजन दीड मीटरभर उचलायला लागते तेवढी ऊर्जा. स्प्रिंगमध्ये साठवलेल्यापैकी निम्म्याहून कमीच छऱ्यापर्यंत पोचते, बाकीची उष्णतेत, घर्षणात, धक्क्यात जाते. तरी अर्ध्या ग्रॅमच्या छऱ्याला ती ताशी साडेआठशे किलोमीटरच्या पुढे नेते. हा आकडा वाचून कुणाला हे खेळणं वाटत असेल तर त्याने तो पुन्हा वाचावा. भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार साडेचार मिलिमीटर नळीच्या आणि वीस ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही; पण वन्य पक्षी-प्राण्यांवर ती रोखणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हाच आहे, आणि परवाना लागत नाही म्हणून छर्रा डोळ्याला सोडत नाही. कार्डामागे जाड लाकूड आणि त्यामागे भिंत किंवा मातीचा ढीग हवा, अंगणात कुणी येणार नाही याची खात्री हवी, डोळ्यांवर चष्मा हवा.

इतकं सगळं केल्यावर उरतो छर्रा. मधे कंबर बारीक, पुढे जड डोकं, मागे पोकळ घेर. हवेच्या दाबाने तो घेर फुलून नळीतल्या पिळाच्या खाचांना चिकटतो, आणि उड्डाणात तोच घेर हवेत ओढला जाऊन डोकं पुढे राखतो. चांगल्या छऱ्यांच्या डब्यावर डोक्याचा व्यास लिहिलेला असतो: ४.५०, ४.५१, ४.५२. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हा फरक वाचून आधी हसू येतं. मग एकाच रायफलमधून दोन डबे मारून पाहिले की एका डब्याचे छर्रे पंचवीस मीटरवर बोटाच्या टोकाखाली मावतात आणि दुसऱ्याचे बशीभर पसरतात. शेजारच्याच्या, त्याच मॉडेलच्या रायफलला नेमका दुसरा डबा मानवतो. तेव्हा नवी रायफल घेणाऱ्याने दुर्बिणीवर थोडे पैसे वाचवावेत, चार-पाच प्रकारच्या छऱ्यांचे डबे आणावेत, हजारभर फैरी होऊन स्प्रिंग आणि सील एकमेकांशी रुळेपर्यंत कुठलाही निकाल लावू नये, आणि मग नळीला जो डबा आवडेल त्याचं एका दमात वर्षभराचं सामान भरून ठेवावं.